दस्तुरखुद्द : दृष्टिहीनांच्या पैशाच्या व्यवहाराचा एक मागोवा

आपल्या जुन्या घरांतील एखादी पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी मोडी कागदांचे एखादे बासन हमखास सापडते. त्यात कर्जरोखे असतात, वाटणीपत्रे असतात, फारखती असतात. या कागदांच्या अखेरीस दोन प्रकारच्या खुणा आढळतात. ज्याने मजकूर स्वतः लिहिला, त्याच्या नावाशी 'दस्तुरखुद्द' असा शब्द येतो. म्हणजे खुद्द त्याच्या हातचे अक्षर. ज्याला अक्षर येत नसे, त्याच्या नावापुढे 'निशाणी' असे लिहून चित्र काढलेले असे. कुणब्याचा नांगर, शिपाईगड्याची कट्यार. अशा माणसाचा मजकूर दुसरा कोणी लिही, तिसरा कोणी साक्ष घाली, आणि कागदात नेमके काय उतरले आहे याविषयी त्याला या दोघांच्या शब्दावर विसंबावे लागे.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता या कागदांहून फार दूरचा आहे. डोळ्यांनी न दिसणारी व्यक्ती संगणकाच्या किंवा मोबाईलच्या साह्याने आपले वीजबिल स्वतः भरते, बँकेतील शिल्लक स्वतः तपासते, पैसे स्वतः पाठवते, हे आज घडते आहे. ते कसे घडू लागले, याचा हा मागोवा आहे. परंतु आमच्या मते हा इतिहास निशाणीकडून दस्तुरखुद्दाकडे जाण्याचाच आहे. अक्षर येत असूनही ज्यांना दीर्घकाळ निशाणीच्या रांगेत उभे केले गेले, अशा माणसांची ही हकिकत आहे. ती सांगण्यास आम्हांस एक खासगी कारणही आहे, आणि ते आधीच सांगून टाकणे बरे.

सन १९८८च्या सुमारास आम्ही एका जिल्ह्याच्या तिजोरी कचेरीत नोकरीस होतो. महाराष्ट्रातील वाचक तिला कोषागार म्हणतात. नोव्हेंबर महिना उजाडला की निवृत्तिवेतनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागे. त्या रांगेत एकदा एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले. दृष्टी पूर्ण गेलेली, सोबत पुतण्या. आम्ही कागद पुढे सरकवला तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशातून स्वतःचे पेन काढले. आम्ही शाईचे पॅड पुढे केले. ते म्हणाले, "साहेब, दृष्टी गेली आहे, सही गेलेली नाही." आम्ही म्हणालो, "मास्तर, अंध माणसाचा अंगठाच घेतात. तसा नियम आहे." त्यांनी वाद घातला नाही. पुतण्याने त्यांचा अंगठा धरून शाईवर टेकवला, मग कागदावर टेकवला. मास्तरांनी रुमाल काढून तो अंगठा बराच वेळ पुसला. चाळीस वर्षे मुलांचे अक्षर घोटून घेणाऱ्या माणसाचा आम्ही अंगठा घेतला होता. पुढे नियमांची पुस्तके चाळताना असा नियम आम्हांस कोठेही सापडला नाही. तरीही पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात आम्ही शाईचे पॅडच पुढे केले, कारण कचेरीत तशी वहिवाट होती.

ही वहिवाट कोठून आली? अंगठ्याचा इतिहास पाहता तो मुळात पेन्शनरांच्या कचेरीतूनच निघालेला दिसतो. बंगालमधील जंगीपूर येथे १८५८ साली विल्यम हर्शल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या सामानाचा करार करताना त्याच्या सबंध पंजाचा ठसा कागदावर घेतला. करार नंतर नाकारला जाऊ नये, एवढाच हेतू होता. पुढे १८७७ साली हुगळी येथे हर्शलने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे व दस्तऐवज नोंदवणाऱ्यांचे बोटांचे ठसे घेण्याची पद्धत पाडली. मेलेल्या पेन्शनराच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत, हे तिचे प्रयोजन. ठसा म्हणजे माणूस तोच आहे याचा पुरावा; तो अडाणी आहे किंवा परावलंबी आहे याचा पुरावा नव्हे. परंतु कालांतराने सही म्हणजे शहाण्याची आणि अंगठा म्हणजे अडाण्याचा, अशी वाटणी लोकांच्या मनात पक्की झाली, आणि दृष्टिहीनांना विचारपूस न करता दुसऱ्या वाट्यात टाकले गेले.

कायद्याने मात्र हे कधी सांगितले नव्हते. १८७२चा करार कायदा सांगतो की जो सज्ञान आहे, ज्याचे मन ठिकाणावर आहे आणि ज्यास कोणत्याही कायद्याने अपात्र ठरवलेले नाही, तो करार करू शकतो. डोळ्यांचा त्यात उल्लेख नाही. १८८१च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानुसार ज्याला करार करता येतो त्याला धनादेशही देता येतो. १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्यात, ज्याला आपले नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत खूण हीदेखील सही मानावी असे आहे; पण ज्याला लिहिता येते त्याची सही नाकारून खूणच घ्यावी, असे त्यात नाही. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात दृष्टिहीन माणूस दस्तुरखुद्दाचा पूर्ण अधिकारी होता. अडचण होती ती खिडकीवर.

आपल्या बडोद्यापुरते बोलायचे, तर येथे श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले आणि १९०८ साली बँक स्थापन झाली. प्रजेला अक्षर यावे आणि तिचा पैसा सुरक्षित राहावा, या दोन गोष्टी त्या काळी जोडीने चालल्या. दृष्टिहीनांच्या शिक्षणाचा आरंभही त्याच सुमाराचा. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली अंधशाळा सुरू केली. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल लिपी ठरली. अशा शाळांतून शिकलेली माणसे लिहिती-वाचती झाली, नोकऱ्या करू लागली, पगार घेऊ लागली. पण बँकेचे पासबुक ब्रेलमध्ये नव्हते, वीजबिल ब्रेलमध्ये नव्हते, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला ब्रेल वाचता येत नव्हते. खाते उघडायचे तर नातेवाईकासह जोडखाते उघडा, धनादेशपुस्तिका मागू नका, लॉकर मागू नका, पैसे काढताना साक्षीदार आणा, असे सांगितले जाई. बहुतेकांचा हेतू वाईट नसे. सही जुळली नाही तर, कोणी फसवले तर, अशी काळजी त्यामागे असे. त्या काळजीचा परिणाम मात्र एकच होई. माणूस आणि त्याचा पैसा यांच्यामध्ये कायमचा तिसरा उभा राही.

ही स्थिती पालटण्यास वेळ लागला. अपंग व्यक्तींच्या समान संधींचा कायदा १९९५ साली झाला. १९९६पासून निघालेल्या महात्मा गांधी मालिकेच्या नोटांवर बोटाला लागेल अशी उठावाची ओळखखूण आली. शंभराच्या नोटेवर त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. बँकांसंबंधीच्या एका तक्रारीवर अपंग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्तांनी ५ सप्टेंबर २००५ रोजी निर्णय दिला. जोखीम संभवते एवढ्या कारणावरून दृष्टिहीनांना धनादेशपुस्तिका, लॉकर वा एटीएम नाकारता येणार नाही, कारण जोखीम डोळस ग्राहकांच्या बाबतीतही असतेच, असा त्याचा आशय होता. आम्ही हा युक्तिवाद प्रथम वाचला तेव्हा आम्हांस मास्तरांचा रुमाल आठवला. त्या निर्णयास अनुसरून रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ रोजी परिपत्रक काढून सर्व सोयी भेदभावाविना देण्यास बँकांना सांगितले. २००९ साली नव्या एटीएमपैकी निदान एकतृतीयांश यंत्रे बोलणारी व ब्रेल कळफलकाची असावीत असे सुचवले गेले. जून २०१२मध्ये असे बोलणारे यंत्र आपल्या गुजरातेत, अहमदाबादेस सुरू झाले. देशातील ते पहिले मानले जाते. १ जुलै २०१४पासून बसणारे प्रत्येक नवे एटीएम बोलणारे असावे, असा पुढचा आदेश झाला.

एवढ्याने रोकड हाती आली. परंतु संसार केवळ रोकडीवर चालत नाही. विजेचे बिल, गॅसचे बिल, घरवेरा (ज्याला पुण्यामुंबईकडील मंडळी घरपट्टी म्हणतात), विम्याचा हप्ता, हे सारे कागदावर येते आणि कागद डोळ्यांनीच वाचावा लागतो. तो तिसरा माणूस बँकेच्या खिडकीवरून हलला, पण घरात कायम राहिला. त्याला घरातूनही मोकळे केले ते पडदावाचकाने. संगणकाच्या पडद्यावर जे लिहिलेले असते ते आवाजात वाचून दाखवणारी ही आज्ञावली. इंग्रजी नाव स्क्रीन रीडर.

तिचा इतिहास रोचक आहे, कारण ती बहुतांशी दृष्टिहीनांनी वा त्यांच्या निकटवर्तीयांनी घडवली. आयबीएम कंपनीत जिम थॅचर नावाचे गणिती होते. त्यांचे गुरू आणि पुढे सहकारी जेसी राइट हे दृष्टिहीन होते. त्यांच्या कामाच्या गरजेतून थॅचर यांनी जो पडदावाचक रचला, तो १९८०च्या दशकाच्या मध्यास बाजारात आला आणि 'स्क्रीन रीडर' हे त्याचे नाव पुढे साऱ्या जातीलाच मिळाले. टेड हेंटर हे अमेरिकेतील मोटारसायकल शर्यतपटू; १९७८च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या कंपनीने १९८९ साली 'जॉज' हा पडदावाचक काढला. तो उत्तम होता, पण महाग होता. आपल्याकडील मध्यमवर्गीय घराला परवडणारा नव्हता. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने 'एनव्हीडीए' नावाचा पडदावाचक लिहावयास घेतला. त्याचे मित्र जेम्स टेह, तेही दृष्टिहीन, त्यास येऊन मिळाले. सर्वांना विनामूल्य मिळावा, ज्याला जमेल त्याने त्यात भर घालावी, असा त्यांचा बाणा. त्यासोबत येणारा 'ईस्पीक' हा आवाज मराठी, गुजराती, हिंदी वाचतो. आवाज यांत्रिक आहे, ळ आणि ल यांत गोंधळ वाटतो, पण आठवड्याभरात कान सरावतो. २००९ साली आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आले, अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आले, आणि पडदावाचक खिशात जाऊन बसला. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यावर त्याच खिशातून पैसे देता येऊ लागले.

आता आमची हकिकत. आम्ही २०१७ साली सेवानिवृत्त झालो. काचबिंदूने एक डोळा आधीच अधू केला होता; २०१९पर्यंत दुसराही गेला. घरातल्या माणसांनी काही कमी पडू दिले नाही. चिरंजीव बिले भरीत, सूनबाई बँकेचे संदेश वाचून दाखवीत. कार्डाचा गुप्त क्रमांक चिरंजिवांस सांगितला, कारण सांगणे भागच होते. कोणी एका पैचा गैरव्यवहार केला नाही. तरीही ज्याने पस्तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्याने स्वतःच्या खात्यात शिल्लक किती हे संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर विचारावे, यात जे बोचत होते त्याला आम्हांस नाव देता येत नव्हते.

नाव पुढे एका गोष्टीने मिळाले. आमची एक विधवा बहीण मध्य प्रदेशात असे. तिला आम्ही दरमहा थोडी रक्कम पाठवीत असू. ती मानी होती. ही गोष्ट कोणासही कळू नये अशी तिची अट होती, आणि ती आम्ही पंधरा वर्षे पाळली होती. दृष्टी गेल्यावर पैसे पाठवावयाचे तर मुलास सांगणे आले. आम्ही सांगितले नाही. तीन महिने पैसे गेले नाहीत. तिने फोनवर प्रकृती विचारली, पैशाचा विषय काढला नाही. ती आता हयात नाही, म्हणूनच हे लिहीत आहोत. त्या तीन महिन्यांत आम्हांस कळले की साक्षीदार कितीही प्रेमळ असला तरी साक्षीदाराच्या देखत काही कर्तव्ये करता येत नाहीत.

एका परिचिताने शहरातील एका दृष्टिहीन गुजराती तरुणाचे नाव सुचवले. तो संगणक शिकवीत असे. आठवड्यातून तीनदा तो आमच्या घरी काठी टेकीत येई. पहिल्याच दिवशी त्याने माऊस काढून टेबलाच्या खणात ठेवला आणि म्हणाला, "काका, आता याचे काम नाही. कळफलक आणि कान, एवढेच." मग त्याने जे शिकवले ते थोडक्यात असे. डोळस माणूस पडदा एका नजरेत पाहतो. ऐकणाऱ्याला तो ओळीओळीने चालत जावा लागतो. पण पान नीट बांधलेले असेल तर चालण्याऐवजी उड्या मारता येतात. एनव्हीडीएमध्ये एच हे अक्षर दाबले की पुढचे शीर्षक, ई दाबले की लिहिण्याची पुढची चौकट, बी दाबले की पुढचे बटण, टी दाबले की तक्ता. जणू वाड्यात अंधारात वावरणाऱ्यास चौक कोठे, जिना कोठे हे ठाऊक असावे तसे. मात्र हे शीर्षक आहे, ही चौकट ग्राहक क्रमांकाची आहे, हे बटण पैसे भरण्याचे आहे, असे पान तयार करणाऱ्याने आतल्या भाषेत लिहून ठेवलेले हवे. ते लिहिले नसेल तर पडदावाचक नुसते "बटण, बटण, बटण" म्हणत राहतो आणि ऐकणारा पाटी नसलेल्या दारांपुढे उभा राहतो.

पहिले वीजबिल भरण्यास आम्हांस पाऊण तास लागला. ग्राहक क्रमांक एकेक आकडा ऐकत घातला. रक्कम आली ती पडदावाचकाने एका दमात वाचली. आम्ही बाण-कळीने पुन्हा एकेक आकडा ऐकला, कारण दशांशचिन्ह कोठे आहे ते कानाला एकदम उमगत नाही आणि एक शून्य अधिक गेले तर ते परत मिळवण्यात महिना जातो. बँकेच्या पानावर गुप्त शब्द घालताना प्रत्येक अक्षराला यंत्र केवळ "तारा" म्हणते. शेजारी बसलेल्यालाही काही कळत नाही. तरी आम्ही कानयंत्र लावूनच बसतो. एकवेळचा संकेतांक फोनवर आला, तो फोननेच कानात सांगितला, आणि थोड्या वेळाने "व्यवहार यशस्वी" असे शब्द ऐकू आले. आमच्या सौभाग्यवती आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांना आम्ही हाक मारली नाही. पावती क्रमांक पुन्हा एकदा ऐकला आणि मग बहिणीच्या नावावर तीन महिन्यांची राहिलेली रक्कम एकत्र पाठवली.

वाचकांस वाटेल की येथे ही कथा संपली. तसे झाले नाही. पैशाच्या घराला कुलपे लागतातच, आणि ती लागलीच पाहिजेत; परंतु प्रत्येक नवे कुलूप बनवताना त्याची किल्ली डोळ्यांतच असते असे गृहीत धरले जाते. २०००च्या सुमारास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास लावून माणूस आणि यंत्र यांत भेद करण्याची युक्ती काढली. तिला कॅप्चा म्हणतात. यंत्राला वाचता येऊ नये हाच तिचा उद्देश, त्यामुळे पडदावाचकालाही ती वाचता येत नाही. काही ठिकाणी त्याऐवजी आवाजाचा पर्याय असतो, पण तो इतका कर्कश आणि परदेशी उच्चारांचा की तरुण कानांचीही फजिती व्हावी. काही बँकांनी गुप्त शब्दासाठी पडद्यावर जागा बदलणारा कळफलक काढला. तो माऊसनेच दाबावा लागे. काही पाने ठरावीक मिनिटांत बंद होतात. डोळस माणसाला ती वेळ पुरते, ऐकून चालणाऱ्याला पुरत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय फार पूर्वीच लिहून ठेवलेले आहेत. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९९ साली प्रसिद्ध झाली, दुसरी आवृत्ती २००८ साली आली. वेळ वाढवून मागता यावा, प्रत्येक बटणाला नाव असावे, चित्राला शब्दांत पर्याय असावा, हे त्यांत आहे. ते करण्यास पैसा थोडा आणि लक्ष फार लागते.

सर्वांत विलक्षण कुलूप आम्हांस गेल्या काही वर्षांत भेटले. एका बँकेत घरबसल्या खाते उघडण्यासाठी आम्ही फोन हाती घेतला. यंत्राने चेहरा वर्तुळात धरण्यास सांगितले. वर्तुळ कोठे आहे हे सांगितले नाही. मग पापण्या मिटून उघडा, असे म्हणाले. समोर छायाचित्र नसून जिवंत माणूस आहे, याची ती चाचणी होती. आम्ही पापण्या लवविल्या, अनेकदा लवविल्या. यंत्रास पटले नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हयातीचे दाखले दिले, त्याला आपली हयाती सिद्ध करता आली नाही, याचे प्रथम हसू आले. नंतर हसू आले नाही.

ही अडचण आमच्या एकट्याची नव्हती. ॲसिडहल्ल्यात चेहरा व डोळे होरपळलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिका याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापुढे होत्या. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या पीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले असून वीस निर्देश दिले आहेत. जिवंतपणाची खातरजमा पापण्यांवाचूनही व्हावी, हा त्यांतील एक. तत्पूर्वी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले होते की, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी म्हणून राहून चालणार नाहीत, निदान काही मानके बंधनकारक हवीत. ऑगस्ट २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेनेही ग्राहक-ओळखीच्या नियमांत दुरुस्ती करून, अशा चाचणीमुळे विशेष गरजा असलेली व्यक्ती वगळली जाऊ नये, असे घातले. १८७२च्या कायद्याने जे गृहीत धरले होते, ते १५३ वर्षांनी यंत्रालाही समजावून सांगावे लागले.

तरी आम्ही नोकरीत राहिलेले आहोत. परिपत्रक निघणे आणि खिडकी बदलणे यांत किती अंतर असते हे आम्हांस ठाऊक आहे, कारण त्या अंतरात आम्ही स्वतः बसलेले होतो. म्हणून समाजातील वडीलधाऱ्या वाचकांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपल्या जुन्या घरांतून साठीपुढे काचबिंदू, मधुमेहाने होणारा दृष्टिपटलाचा विकार यांनी अनेकांची दृष्टी मंदावते, आणि त्याच दिवशी आपण किल्ल्यांबरोबर बँकेचे क्रमांकही मुलांच्या हवाली करून मोकळे होतो. त्यास आपण विश्वास म्हणतो. विश्वास अवश्य असावा. पण ज्याला दुसरा मार्गच नाही, त्याने टाकलेला विश्वास आणि मार्ग असूनही टाकलेला विश्वास यांत फरक आहे. शिकण्यास तीन महिने पुरतात. आम्ही साठीत शिकलो. सावधगिरी मात्र अधिक बाळगावी लागते. पडदावाचक अक्षरे वाचतो, खऱ्याखोट्याची पारख करीत नाही. बँकेसारखे दिसणारे खोटे पान तोही तितक्याच सौजन्याने वाचून दाखवील. म्हणून संदेशातील दुव्यावर न जाता पत्ता आपण स्वतः घालावा, फोनवर कोणी संकेतांक मागितला तर देऊ नये, आणि रक्कम दोनदा, आकडा आकडा करून ऐकावी. हे नियम डोळसांनाही तितकेच लागू आहेत.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो. घरून चेहरा दाखवण्याचा खटाटोप पुन्हा केला नाही. खिडकीवर एक तरुण होता, आवाजावरून तिशीच्या आतला. त्याने कागद पुढे सरकवला आणि पाठोपाठ शाईचे पॅड सरकवल्याचा आवाज आला. तो आवाज आम्ही ओळखला. आम्ही म्हणालो, "मी सही करतो." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "साहेब, अंधांचा अंगठाच घेतात, असा नियम आहे." त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, आमच्याही नव्हता. आम्ही त्याला २००८च्या परिपत्रकाची तारीख सांगितली. तो आत जाऊन आला. मग त्याने आमचा हात धरला नाही, एक जाड पुठ्ठ्याची पट्टी सहीच्या ओळीवर आडवी ठेवली आणि म्हणाला, "पट्टीच्या वरच्या कडेला लागून करा, साहेब."

आम्ही कोटाच्या खिशातून पेन काढले.